स्वर ठरलेलेच, मग इतकी ध्वनिमुद्रणे कशाला?

दोन गायकांचा मालकंस घरात का ठेवायचा, हे आपल्याकडच्या रसिकाला समजावून सांगावे लागत नाही. राग एक असला तरी बढत ज्याची त्याची असते, आणि त्याच गायकाने दुसऱ्या दिवशी गायलेला मालकंसही आदल्या दिवसासारखा नसतो. हाच रसिक पाश्चात्त्य अभिजात संगीताकडे वळला की मात्र अडखळतो. तिथे स्वर न् स्वर कागदावर लिहिलेला असतो, कोणते वाद्य कुठे शिरणार आणि कुठे गप्प बसणार हेही ठरलेले असते. तरीही एकेका कन्चेर्टोची डझनावारी ध्वनिमुद्रणे निघालेली असतात आणि जाणकार मंडळी त्यांतली दोन-तीनच संग्रही ठेवण्याजोगी आहेत असे छातीठोकपणे सांगतात. स्वर तेच असतील तर फरक कशात असतो, आणि तो पदरचे पैसे मोजण्याइतका असतो का, हा प्रश्न रास्त आहे. शिफारशींची लांबलचक यादी वाचून त्याचे उत्तर सापडत नाही, असा माझा अनुभव आहे. निवडक ध्वनिमुद्रणे प्रत्यक्षात कशी घडली हे पाहिले, तर ते आपोआप उलगडत जाते.

आधी दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. कन्चेर्टो म्हणजे एक एकलवादक आणि पूर्ण वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेली, बहुधा तीन भागांची कृती. एकल वाद्य पियानो, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट असे कोणतेही असू शकते. ऑपेरा म्हणजे गायले जाणारे नाटक. आपल्या संगीत नाटकात गद्य संवाद चालू असताना अधूनमधून पदे येतात. बहुतेक ऑपेरांत मात्र साधे बोलणेही गाऊनच होते आणि खाली वाद्यवृंद अखंड वाजत राहतो. दोन्हींची स्वरलिपी तपशीलवार असते, पण ती सर्व काही सांगू शकत नाही. ‘सावकाश’ असे लिहिलेले असते, पण किती सावकाश, ‘हळूहळू मोठा’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या क्षणी किती मोठा, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये घसीट घ्यायची की स्वच्छ तुटक जायचे, हे वाजवणाऱ्यावर सोडलेले असते. या मोकळ्या जागांतच कलावंताचे सगळे कर्तृत्व असते.

एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराचा चेलो कन्चेर्टो याचे उत्तम उदाहरण आहे. पहिले महायुद्ध संपल्यावर लिहिलेली ही कृती २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये प्रथम सादर झाली आणि सपशेल पडली, कारण त्याच मैफलीतल्या इतर कृती सांभाळणाऱ्या दुसऱ्या संचालकाने (कंडक्टरने) तालमीचा बहुतेक वेळ स्वतःसाठी वापरला होता आणि एल्गारच्या वाट्याला फारच थोडा वेळ उरला होता. त्या दिवशी वाद्यवृंदातल्या चेलोवादकांच्या रांगेत जॉन बार्बिरोली नावाचा एकोणीस वर्षांचा तरुण बसलेला होता. पुढे तो मोठा संचालक झाला, आणि ऑगस्ट १९६५ मध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये याच कन्चेर्टोचे ध्वनिमुद्रण करताना त्याच्यासमोर चेलो घेऊन बसली होती वीस वर्षांची जॅकलिन दु प्रे. ईएमआय या कंपनीने काढलेली ती तबकडी या कृतीची जणू अधिकृत प्रत ठरली.

तिची सुरुवातच ऐकावी. वाद्यवृंदाची कसलीही प्रस्तावना न होता चेलो एकटाच चार भारदस्त स्वरसंघात (एकदम वाजणारे अनेक स्वर, म्हणजे कॉर्ड) वाजवतो. दु प्रे ते असे काही ओढून काढते की गज तारेत रुतल्यासारखा वाटतो. संथ भागात ती वेळेची पर्वाच करत नाही, आणि बार्बिरोली वाद्यवृंदाला तिच्या श्वासाबरोबर थांबवतो. आता याच कृतीचे १९२८ चे ध्वनिमुद्रण लावावे, ज्यात चेलोवर बिआट्रिस हॅरिसन आहे आणि संचालक स्वतः एल्गार आहे. गती ठळकपणे जलद आहे, भावना आहे पण तिचे प्रदर्शन नाही, आणि संथ भाग तर एखाद्या संयमी माणसाने मनातली गोष्ट पटकन सांगून टाकावी तसा उरकतो. स्वर तेच आहेत, पण एका ध्वनिमुद्रणात विलाप ऐकू येतो आणि दुसऱ्यात आठवण.

यावर संगीतकार स्वतः संचालक असल्यामुळे त्याचेच खरे, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. रचना करणारा माणूस आपल्या कृतीचा पहिला जाणकार असतो, शेवटचा नसतो. रखमानिनॉव्ह या रशियन संगीतकाराने आपला तिसरा पियानो कन्चेर्टो स्वतः ध्वनिमुद्रित करताना त्यातले काही भाग चक्क गाळले, आणि आजचे पियानोवादक ते आवर्जून वाजवतात. तरीही एल्गारची तबकडी जवळ असणे गरजेचे आहे, कारण दु प्रेच्या वादनातला शोक कितपत कागदावरचा आहे आणि कितपत तिचा, हे त्या तबकडीशिवाय कळत नाही. शिवाय इथे आपल्याच ऐकण्यातली एक गफलतही ध्यानात येते. दु प्रेला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचे निदान १९७३ मध्ये झाले, तिचे वादन थांबले आणि १९८७ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. हे ठाऊक असल्यामुळे आपण १९६५ च्या तबकडीत पुढची शोकांतिका ऐकू लागतो, जिचा त्या दिवशी वीस वर्षांच्या त्या धडधाकट मुलीला पत्ताही नव्हता.

जुन्या तबकड्या ऐकताना त्या काळची यंत्रेही डोळ्यांसमोर आणावी लागतात. १९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गायक-वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीने उभे राहत आणि आवाजाच्या दाबाने हलणारी सुई मेणात खाचा पाडत असे. मायक्रोफोन आल्यानंतरही बारा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत, आणि चूक झाली तर ती सबंध बाजू पुन्हा वाजवावी लागे. एल्गारचाच जवळपास पन्नास मिनिटांचा व्हायोलिन कन्चेर्टो जुलै १९३२ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला तो अशा सहा तबकड्यांच्या बारा बाजूंवर. संचालक पंचाहत्तर वर्षांचा एल्गार होता आणि व्हायोलिनवर सोळा वर्षांचा येहुदी मेन्युहिन. हा मेन्युहिन पुढे १९५२ मध्ये भारतात आला, पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांना भेटला आणि त्यांचा शिष्य झाला, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. पण तो कोण होता हे ज्यांना कळून घ्यायचे असेल, त्यांनी या तबकड्यांपासून सुरुवात करावी. तंत्रात त्याच्याहून सफाईदार वादक पुष्कळ झाले. या वादनात मात्र सोळाव्या वर्षीच असू शकतो असा एक निःशंकपणा आहे.

हे ध्वनिमुद्रण जुळवून आणणाऱ्या फ्रेड गाइसबर्गचे नाव आपल्या संगीताच्या इतिहासातही आहे. ग्रामोफोन कंपनीच्या या माणसाने एप्रिल १९०२ मध्ये मिलानच्या एका हॉटेलात एन्रिको कारुसो या तरुण गायकाची दहा गाणी शंभर पौंडांत मुद्रित केली, आणि ऑपेराच्या ध्वनिमुद्रणांचा धंदा खऱ्या अर्थाने तिथे उभा राहिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो कलकत्त्यात होता आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यासमोर गात होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आली, १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या सर्रास मिळू लागल्या. फितीमुळे कामाची पद्धतच बदलली. एक भाग दहा वेळा वाजवायचा, त्यांतले उत्तम तुकडे कापायचे आणि जोडायचे, हे शक्य झाले, आणि त्याबरोबर ध्वनिमुद्रणाचा निर्माता नावाचा एक नवा कारागीर कलावंतांच्या बरोबरीने उभा राहिला. मैफलीची नक्कल म्हणजे ध्वनिमुद्रण, ही समजूत इथून पुढे सोडूनच द्यावी लागते.

इटालियन संगीतकार पुच्चिनीच्या ‘टोस्का’ या ऑपेराचे १९५३ चे ध्वनिमुद्रण हा त्याचा पुरावा. मिलानचे ला स्काला नाट्यगृह, ऑगस्टचा उकाडा, मारिया कॅलास, जुझेप्पे दी स्टेफानो आणि टिटो गोब्बी हे गायक, संचालक व्हिक्टर दे साबाता आणि निर्माता वॉल्टर लेग. लेगने सांगितलेल्या आठवणीप्रमाणे गोब्बीला पहिल्या अंकातले त्याचे गाणे तीस वेळा गावे लागले, प्रत्येक वेळी एखाद्या अक्षराचा रंग बदलत. गोब्बीचा स्कार्पिया हा रोमचा पोलीसप्रमुख आहे. टोस्का या नायिकेच्या प्रियकराचा छळ करून तो तिला वश करू पाहतो, आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती त्याला सुरीने भोसकते. प्रेताकडे पाहत ती म्हणते, ‘आणि याच्यापुढे सारे रोम थरथरत असे.’ हे वाक्य पुच्चिनीने खालच्या पट्टीत एकाच स्वरावर लिहिले आहे, म्हणजे चालीचा आधार जवळजवळ नाहीच. कित्येक गायिका इथे किंचाळतात किंवा नाटकी कुजबुजतात. कॅलास ते थकलेल्या, किंचित आश्चर्यचकित झालेल्या आवाजात म्हणते, आणि त्या एका वाक्यासाठीही दे साबाताने तिला पुन्हा पुन्हा उभे केले होते. सफाईसाठी केलेली पुनरावृत्ती बहुधा जीव काढून घेते. इथे उलटे झाले. हे ध्वनिमुद्रण मोनो आहे, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज त्यात नाही, पण म्हणून ते टाळणे ही नवख्या संग्राहकाची हमखास होणारी चूक आहे. कॅलासने १९६४ मध्ये हाच ऑपेरा स्टिरिओत पुन्हा गायला. आवाज पसरट आणि श्रीमंत ऐकू येतो, पण तोवर तिच्या वरच्या स्वरांना कंप सुटू लागला होता आणि दे साबाताही नव्हता. १९५३ च्या हृदयविकारानंतर त्याने संचालन जवळपास सोडून दिले होते.

फितीने काही नैतिक पेचही निर्माण केले. जर्मन संगीतकार वाग्नरचा ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ हा ऑपेरा फुर्टवेंग्लरच्या संचालनाखाली जून १९५२ मध्ये लंडनला मुद्रित झाला, तेव्हा इझोल्डे गाणारी किर्स्टन फ्लाग्श्टाट छप्पन वर्षांची होती आणि दुसऱ्या अंकातले दोन अत्युच्च स्वर तिला खात्रीने लागतील अशी स्थिती नव्हती. ते दोन स्वर एलिझाबेथ श्वार्ट्सकोप्फ या दुसऱ्या गायिकेने तिच्यासाठी गायले. बातमी फुटल्यावर फ्लाग्श्टाट फार दुखावली. मला विचाराल तर चार तासांच्या गायनातले हे दोन क्षण उसने आहेत म्हणून संच बाजूला ठेवणे करंटेपणाचे होईल, कारण फुर्टवेंग्लरने वाद्यवृंदाचा जो अखंड, लाटेसारखा प्रवाह इथे राखला आहे, त्याला तोड नाही.

या संचाचे ध्वनिमुद्रण ज्या किंग्जवे हॉलमध्ये झाले, तिथेच दु प्रेची तबकडी झाली होती हे वाचकाच्या लक्षात आणून द्यायला हवे. मुळात मेथडिस्ट पंथाचे सभागृह असलेल्या या वास्तूत वाद्यांच्या आवाजाला जी ऊब मिळे तिच्यासाठी कंपन्या तिथे रांगा लावत, खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेचा घरघराट सहन करूनसुद्धा. चांगले हेडफोन असतील तर तिथल्या कित्येक ध्वनिमुद्रणांत शांत जागी ती गाडी गेलेली ऐकू येते. वास्तू १९९८ मध्ये पाडली गेली. तिचा घुमारा आता फक्त ध्वनिमुद्रणांतच उरला आहे.

स्टुडिओतल्या ऑपेराचे शिखर म्हणजे डेक्का कंपनीने १९५८ ते १९६५ या काळात व्हिएन्नात केलेले वाग्नरच्या ‘रिंग’चे ध्वनिमुद्रण. चार ऑपेरांचा हा सुमारे पंधरा तासांचा खेळ स्टुडिओत प्रथमच संपूर्ण मुद्रित होत होता. संचालक गिओर्ग शोल्टी, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मोनिक, आणि निर्माता जॉन कलशॉ. नाट्यगृहात डोळ्यांना दिसते ते इथे कानांना दिसले पाहिजे, असा कलशॉचा आग्रह होता, म्हणून रंगमंचासारख्या फरशीवर क्रमांकांचे चौकोन आखून गायकांना त्यांवरून हलवले जाई, जेणेकरून पात्र डावीकडून उजवीकडे गेले की आवाजही जाईल. पहिल्या ऑपेरात पाताळातल्या बुटक्या लोहारांसाठी वाग्नरने अठरा ऐरणी लिहिल्या आहेत. बहुतेक नाट्यगृहे त्या कमी संख्येवर निभावून नेतात, कलशॉने अठराच्या अठरा आणवल्या. शेवटच्या ऑपेरात नायक जादूने दुसऱ्याचे रूप घेतो, तिथे त्या उंच पट्टीच्या गायकाचा आवाज यंत्राने खर्जाकडे झुकवला गेला. ब्र्यून्हिल्डे ही मुख्य स्त्रीभूमिका गाणाऱ्या बिर्गिट निल्सनची फिरकी घेण्यासाठी तर ध्वनिमुद्रणाच्या जागी एक जिवंत घोडाही आणण्यात आला होता, कारण कथेत ती घोड्याला उद्देशून गाते. शुद्धतावाद्यांना हा सगळा खटाटोप सिनेमासारखा वाटतो, आणि तो तसा आहेच. पण ऑपेरा नाट्यगृहापासून हजारो मैल दूर बसून ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी तो फार मोलाचा आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला प्रत्यक्ष प्रयोगाची ध्वनिमुद्रणे आहेत. डेक्काच्याच माणसांनी १९५५ मध्ये जर्मनीत बायरॉइट येथल्या वाग्नरच्या नाट्यगृहात कायल्बर्टच्या संचालनाखालचा ‘रिंग’ स्टिरिओत टिपला होता. थेट प्रयोगाची ध्वनिमुद्रणे कलशॉला मुळीच रुचत नसत, आणि तो संच पन्नास वर्षे पडून राहून २००६ मध्ये बाहेर आला. त्यात पावले वाजतात, लोक खोकतात, पण गायकांच्या मागे न सावरता येणाऱ्या क्षणाचा जो ताण असतो, तो व्हिएन्नाच्या संचात शोधून सापडत नाही. कॅलासचा १९५८ चा लिस्बनमधला व्हर्दीचा ‘ला त्राव्हियाता’ असाच आहे. आवाज सदोष, प्रॉम्प्टर मध्येच ऐकू येतो, आणि तरीही मरणाच्या दारातली नायिका व्हायोलेट्टा एवढी खरी दुसरीकडे क्वचितच भेटते. तिचे स्टुडिओतले ‘त्राव्हियाता’ १९५३ चे, दुसऱ्या कंपनीसाठी दुय्यम सहकलाकारांबरोबर केलेले; त्या करारामुळे ती तो ऑपेरा पुढची काही वर्षे ईएमआयसाठी गाऊ शकली नाही. कोणते ध्वनिमुद्रण अस्तित्वात आले नाही, हेही अनेकदा वकिलांच्या कागदांवरून ठरते.

मुंबईकराला अभिमान वाटावा असा एक संच राहिलाच. पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’चे डेक्काने १९७२ मध्ये, पुन्हा किंग्जवे हॉलमध्येच, केलेले ध्वनिमुद्रण झुबिन मेहतांच्या संचालनाखालचे आहे. मेहतांचा जन्म १९३६ चा, मुंबईचा. त्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, त्याच्या आदल्याच वर्षी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. गंमत अशी की शीर्षकभूमिका गाणाऱ्या जोन सदरलंडने ही भूमिका रंगमंचावर कधीच केली नाही, आणि नायकाची भूमिका गाणाऱ्या लुचानो पाव्हारोत्तीनेही तोवर ती केलेली नव्हती. जो प्रयोग कोणत्याही नाट्यगृहात झाला नाही, तो केवळ तबकडीवर घडला, आणि मेहतांनी त्यात वाद्यवृंदाचा असा काही झगमगाट उभा केला की नंतरच्या बहुतेक संचांची तुलना याच्याशीच होते. यातलेच ‘नेस्सुन दोर्मा’ बीबीसीने १९९० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी वापरले, त्यामुळे ऑपेराचे नावही न ऐकलेल्या लोकांना ते गुणगुणता येते. ते एकटे गाणे ऐकून थांबू नये. पहिल्या अंकातला जमावाचा कल्लोळ त्याहून भारी आहे.

प्रत्यक्ष संग्रह करताना वीस कृतींची एकेक तबकडी घेण्यापेक्षा पाच कृतींची दोन-दोन, शक्यतो परस्परविरोधी, ध्वनिमुद्रणे घ्यावीत असे मी सुचवीन. विवाल्डीचे ‘चार ऋतू’ घ्यायचे तर एक इ मुसिची या इटालियन वाद्यवृंदाचे १९५९ चे गोड, गुळगुळीत वादन आणि दुसरे संचालक हार्नोनकोर्टचे १९७७ चे जुन्या बनावटीच्या वाद्यांवरचे खरखरीत, कडकडाटी वादन. रखमानिनॉव्हच्या दुसऱ्या पियानो कन्चेर्टोसाठी एक त्याचे स्वतःचे १९२९ चे, दुसरे पियानोवादक रिख्टरचे १९५९ चे. कन्चेर्टो ऐकताना एकल वाद्य वाद्यवृंदाच्या मानाने किती मोठे ऐकू येते हे जरूर पाहावे. व्हायोलिनवादक हायफेट्झच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन कानाशी आणून ठेवलेले असते. सभागृहात ते तेवढे मोठे कधीच ऐकू येत नाही, ती मायक्रोफोनची करामत असते.

ऑपेराच्या बाबतीत संहितेची पुस्तिका तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. जुन्या लाँग प्ले संचांत मूळ शब्द आणि शेजारी भाषांतर असलेली जाडजूड पुस्तिका असे. स्वस्त सीडी आवृत्त्यांतून ती गाळली जाते, आणि शब्दांशिवाय ‘टोस्का’चा दुसरा अंक म्हणजे नुसता आरडाओरडा. पहिल्या आवृत्तीच्या तबकड्यांना जे भाव येतात त्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही. मूळ फितीवरून काळजीपूर्वक केलेली नवी आवृत्ती ऐकायला बहुधा तितकीच चांगली असते. चोरबाजारात किंवा जुन्या घरांच्या आवराआवरीत एखादा संच हाती लागला, तर तबकडी उजेडात तिरपी धरून चरे पाहावेत आणि आतल्या कागदी पाकिटाचा वास घ्यावा. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात पाकिटांना बुरशी धरते आणि तिचे ठिपके खाचांत उतरतात. बुरशी लागलेली तबकडी मऊ कापडाने व ऊर्ध्वपातित पाण्याने खाचांच्या दिशेने पुसून, उभी ठेवून पूर्ण वाळवावी आणि नव्या पाकिटात घालावी; जुने पाकीट मोहापायी पुन्हा वापरू नये.